थकवा जात नाही आणि कोच म्हणते आयडी घे, काय करू?

या वेळचं पत्र बेळगावातल्या वडगावहून आलंय. ताईंचं वय ४१, नाव देत नाही आणि ओळख पटेल असे एकदोन तपशील बदललेत. नवऱ्याचे पॉवरलूम आहेत, ताई स्वतः एका खाजगी शाळेच्या ऑफिसात क्लार्क आहेत, मुलगी पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, मुलगा सातवीत. दीड वर्षापूर्वी सासूबाईंना पॅरालिसिसचा अटॅक आला, उजवी बाजू गेली, बोलणं तुटक झालं, आणि तेव्हापासून त्यांना उठवणं बसवणं, डायपर, भरवणं, औषधं सगळं ताईंकडे. धाकटे दीर पुण्याला असतात, मंगाईच्या जत्रेला येतात, दोन दिवस राहून जातात.

ताई लिहितात की अंगात जीवच राहिलेला नाही, जिना चढला की धाप लागते, शाळेत खुर्चीतच डोळा लागतो. जवळच्या वेलनेस सेंटरवर कोच असलेल्या एका मैत्रिणीने तिथं नेलं. मशीनवर उभं केलं, हातात हँडल धरायला दिलं आणि स्क्रीनवर आलं, बॉडी एज ५४. "त्या रात्री झोपच लागली नाही, वाटलं मी आईच्या वयाची झाले." दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी सहाला जायला लागल्या. शेक, थोडा व्यायाम, गाणी, टाळ्या. तीन महिन्यात साडेचार किलो उतरले, मन पण जरा हलकं झालं. पण महिन्याला सहा हजारांच्या आसपास जातायत. आता कोच म्हणते नुसती मेंबर किती दिवस राहणार, स्वतःची आयडी घे, म्हणजे कंपनीची विक्रेती हो, पंचवीस हजारांचा माल उचल, दहा बायका जोड, तुझा शेक फुकट पडेल आणि वर इन्कम. नवरा म्हणतो पावडरीत पैसे घालतेस. सासूबाई एकदा तुटक तुटक म्हणाल्या, "आमी न्हाई केलं काय?" आणि मोबाईल उघडला की प्रत्येक रील सांगतंय, आधी स्वतःवर प्रेम करा.

ताईंचे शब्द तसेच देते: "गेले तर घर टाकून गेले म्हणून वाईट वाटतं, नाही गेले तर स्वतःकडे बघत नाही म्हणून वाईट वाटतं. मी स्वार्थी झालेय का? आणि आयडी घेऊ का नको?"

ताई, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकते म्हणजे डोक्यावरचं एक ओझं तरी उतरेल. आयडी घेऊ नका. कारणं खाली येतील. पहिल्या प्रश्नाचं उत्तर पण नाही असंच आहे, तुम्ही स्वार्थी नाही, पण नुसतं तेवढं सांगून भागणार नाही कारण मला तो प्रश्नच चुकीच्या जागी उभा राहिलेला वाटतो. तुमचं अख्खं पत्र मी परत परत वाचलं, त्यात पहाटे उठल्यापासून रात्री दिवा मालवेपर्यंत तुम्ही काय काय करता ते आहे, पाणी यायचं असेल त्या दिवशी तर रात्री दोनला उठून पिंप भरणं पण आहे, आणि मग शेवटी तुम्ही विचारता की माझं काय चुकतंय. पण एवढ्या सगळ्यात दुसऱ्या कुणाचा हात कुठेच दिसत नाही, त्याबद्दल तुम्ही एक अक्षर विचारलेलं नाही.

आधी ते मशीन बघू. त्या बॉडी एजने तुमची झोप उडवली आणि त्या धक्क्यातच तुम्ही पैसे भरलेत, म्हणून ते नीट समजून घ्या. ते मशीन अंगातून अगदी बारीक करंट सोडतं. पाण्यातून करंट पटकन जातो, चरबीतून अडखळत जातो, त्यावरून ते चरबी किती असेल याचा अंदाज बांधतं. अंदाज, मोजमाप नव्हे. सकाळी पाणी कमी प्यालात, पाळी जवळ आली, आदल्या रात्री खारट खाल्लं, तरी आकडा हलतो. आणि बॉडी एज तर त्या अंदाजावर, वजनावर, उंचीवर कंपनीने बसवलेला हिशोब आहे, तो आकडा वेगवेगळ्या कंपनीच्या मशीनवर वेगवेगळा येऊ शकतो. तुमच्या रक्तात काय कमी आहे, थायरॉईड कसं आहे, हृदय कसं चाललंय, यातलं काहीही त्याला दिसत नाही. म्हणजे समजा तुमचं हिमोग्लोबिन आठवर आलं असेल, आणि ते असू शकतं, तर ते मशीन गप्पच बसणार.

म्हणून सगळ्यात पहिलं काम, या आठवड्यातच, रक्त तपासून घ्या. सीबीसी म्हणजे रक्तपेशींची तपासणी, थायरॉईड, शुगर, आणि डॉक्टर म्हणाले तर बी-१२ आणि डी. धाप लागणं, बसल्या जागी डोळा लागणं, हे मनाचे खेळ म्हणून सोडून द्यायचं नसतं. देशातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५७ टक्के बायकांना ॲनिमिया आहे असं २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आलंय, म्हणजे निम्म्याहून जास्त. तुमचं वय ४१, पाळीत जास्त जातंय का, मागेपुढे होतेय का, हे पण डॉक्टरांना सांगा, लाजू नका. जिल्हा रुग्णालयात जा, नाहीतर तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जा, पण सेंटरवरच्या कोचला दाखवून नको. तुम्ही घेताय ती पावडर आणि गोळ्यांचा डबा पण डॉक्टरांसमोर ठेवा, त्यांना नाव सांगून कळत नाही, मागचं लेबल वाचू द्या.

वजन उतरलं त्याबद्दल मला आनंदच आहे आणि ते तुमचं यश आहे हे पण म्हणते. पण ते कशाने उतरलं? सकाळच्या नाष्ट्याऐवजी आणि रात्रीच्या जेवणाऐवजी ग्लासभर शेक घेतलात, पोटात कमी गेलं, आणि रोज अर्धा पाऊण तास हालचाल झाली. पावडरीत काही वेगळी शक्ती आहे म्हणून नव्हे. शेक बंद केला की वजन परत येतं असं कोच सांगते ते अर्धं खरंच आहे, कारण खाणं पूर्वीसारखं झालं की ते येणारच, पण मग त्याचा अर्थ आयुष्यभर महिन्याला सहा हजार असा होतो का?

आता ह्या सेल्फ-केअरचं, म्हणजे स्वतःची देखभाल करण्याच्या कल्पनेचं, मूळ थोडं सांगते. नुसती माहिती म्हणून नाही, तुमच्या मनातल्या अपराधीपणाचं उत्तर त्यात आहे असं मला मनापासून वाटतं.

ही कल्पना आधी दवाखान्यातली. अमेरिकेत डोरोथिया ओरेम नावाच्या नर्सने १९५० च्या दशकाच्या शेवटी ती मांडायला सुरुवात केली, १९७१ मध्ये त्यावर तिचं नर्सिंगचं पुस्तक आलं. तिचं म्हणणं साधं होतं, माणूस रोज स्वतःसाठी जे करतो, अंघोळ, खाणं, औषध, झोप, ती त्याची स्वतःची देखभाल, आणि आजारपणात ती त्याला जमत नाही तेव्हा जेवढी कमी पडते तेवढी दुसऱ्याने भरून काढायची. बघा ताई, तुमच्या घरात ज्यांना स्वतःची देखभाल जमत नाही त्या सासूबाई, आणि ती सगळीच्या सगळी कमी भरून काढताय तुम्ही एकट्या. ज्या कामासाठी दवाखान्यात पाळ्या लावतात ते काम तुम्ही पाळीशिवाय करताय, आणि वर नोकरी.

मग हीच गोष्ट रस्त्यावर आली. १९६६ मध्ये अमेरिकेतल्या ओकलंडमध्ये काळ्या लोकांच्या हक्कांसाठी लढणारी ब्लॅक पँथर पार्टी स्थापन झाली. दवाखाने काळ्या लोकांना नीट विचारत नव्हते, म्हणून त्यांनी आपल्या वस्त्यांत फुकट दवाखाने काढले, सिकल सेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या तपासण्या केल्या, १९६९ पासून शाळेत जाणाऱ्या पोरांना सकाळचा नाष्टा द्यायला लागले. एरिका हगिन्स ही त्यांच्यातली एक पुढारी, तुरुंगात असताना योग आणि ध्यान शिकली आणि नंतर मुलांपर्यंत, इतरांपर्यंत तिने ते नेलं. ऑड्री लॉर्ड ही काळी कवयित्री, तिचा कॅन्सर लिव्हरपर्यंत गेला होता, १९८८ च्या तिच्या पुस्तकात तिने लिहिलं की स्वतःची काळजी घेणं हे लाड नव्हेत, तो जगून राहण्याचा मार्ग आहे आणि तीच लढाई आहे. आज तिचं हे वाक्य मगवर, टीशर्टवर छापून विकतात आणि त्यातली लढाई तेवढी गाळतात. ज्या बाईने मरणाच्या दारात उभं राहून ते लिहिलं, तिच्या शब्दांवर सुगंधी मेणबत्त्या खपाव्यात याचं मला खरंच वाईट वाटतं.

दुसऱ्या बाजूने वेलनेसचा प्रवास चालू होता. हॅल्बर्ट डन या डॉक्टरांनी १९५० च्या दशकात व्याख्यानं दिली की नुसतं आजारी नसणं म्हणजे तब्येत चांगली असणं नव्हे, त्याच्या पुढे पण बरंच आहे. १९७५ मध्ये जॉन ट्रॅव्हिस यांनी कॅलिफोर्नियात वेलनेस सेंटर काढलं. कल्पना वाईट अजिबात नव्हती. पण "त्याच्या पुढे पण बरंच आहे" याला शेवट नसतो ना, कितीही केलं तरी पुढे काहीतरी राहतंच, आणि बाजाराला असली बिनशेवटाची गोष्ट फार आवडते. आजार बरा झाला की औषध थांबतं. वेलनेस थांबतच नाही. मग हळूहळू सगळं त्यात आलं, चहा, तेल, गोळ्या, घड्याळं, ॲप. २०१८ मध्ये ॲपल कंपनीने त्या वर्षाचा ॲपमधला ट्रेंड म्हणून सेल्फ-केअरचंच नाव घेतलं. त्याच वर्षी ग्वेनेथ पॅल्ट्रो या नटीच्या गूप कंपनीने जेड दगडाच्या अंड्यांबद्दल, ती बायकांच्या अंगात ठेवली की हार्मोन सुधारतात वगैरे जे दावे केले होते, त्या प्रकरणात १ लाख ४५ हजार डॉलर भरून तडजोड केली. दाव्यांना आधार नव्हता ही सरकारी वकिलांची तक्रार होती. आणि सगळ्या जगातला हा वेलनेसचा धंदा २०२३ मध्ये ६.३ लाख कोटी डॉलरचा होता असा ग्लोबल वेलनेस इन्स्टिट्यूटचा अंदाज आहे. वडगावच्या गल्लीत सकाळी सहाला तुमच्या हातात येतो तो ग्लास ह्या एवढ्या मोठ्या साखळीचं शेवटचं टोक आहे.

एक आपल्या गावची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. योगाचार्य बी. के. एस. अय्यंगार तरुण असताना गुरूंबरोबर १९३० च्या दशकात ह्या आपल्या भागात फिरले होते, तेव्हा बेळगावचे सिव्हिल सर्जन डॉ. व्ही. बी. गोखले यांनी त्यांचं काम पाहिलं आणि पुढे १९३७ मध्ये त्यांना पुण्याला शिकवायला नेण्यात त्यांचाच हात होता. जगभर पोचलेल्या त्या योगाच्या वाटेत बेळगावचा एक डॉक्टर उभा आहे. आणि त्याला लागते एक सतरंजी, शिकवणारं एक माणूस, आणि वेळ. ह्यातलं विकत न मिळणारं एकच, वेळ, आणि तुमच्याकडे नेमकं तेच नाहीय.

तर मला जे सांगायचंय ते हे, की सुरुवातीला जिथं जिथं ही देखभाल होती तिथं ती चार लोकांची मिळून होती, वस्तीची होती, आणि थकवा का आला हे विचारणारी होती. बाजाराने ती एकेकट्या बाईच्या गळ्यात घातली. म्हणजे काम सगळं तुमच्यावर, त्यातून आलेला थकवा पण तुमचाच दोष, आणि त्यावरचा उपाय पण तुम्हीच स्वतःच्या पगारातून विकत घ्यायचा. मग नाही जमलं की तुम्ही स्वतःवर प्रेम करत नाही असं रील सांगणार.

आपल्याकडे लांब जायला नको, निपाणीला तंबाखूच्या वखारीत काम करणाऱ्या बायका बघा. दिवसभर त्या धुळीत, मजुरी तुटपुंजी, खोकला कायमचा. १९८० च्या सुमारास त्या संघटित झाल्या, युनियन बांधली, मजुरीसाठी आणि माणसासारख्या वागणुकीसाठी रस्त्यावर आल्या. त्यांना कुणी सांगितलं असतं की बाई रोज सकाळी दहा मिनिटं दीर्घ श्वास घे, तर धूळ कमी झाली असती का? श्वास घ्यावा, जरूर घ्यावा, पण वखारीचा प्रश्न वखारीतच सोडवायला लागतो.

आता कुणी म्हणेल की आपल्या जुन्या रीती होत्या त्या बऱ्या होत्या, सणावाराला माहेर, बाळंतिणीला तेल शेक आणि डिंकाचे लाडू, नागपंचमीला झोका. होत्या खऱ्या, आणि त्यांची मला माया आहे. पण नीट बघितलं तर आपल्याकडे बाईला विश्रांती मिळायची तर काहीतरी कारण लागायचं. बाळंत झाली म्हणून. बाहेर बसली म्हणून, आणि ती पण विटाळाच्या नावाखाली. आजारी पडून अंथरूण धरलं म्हणून. नुसती दमलीय म्हणून बस जरा, असं म्हणायची रीत फार घरांत नव्हतीच. तुमच्या सासूबाई "आमी न्हाई केलं काय" म्हणतात ना, त्यांचं खरं आहे, त्यांनी केलंच, आणि त्यांना पण कुणी बस म्हटलं नसणार. त्यांच्या त्या वाक्यात तुमच्यावरचा राग कमी आणि स्वतःचं दुखणं जास्त असू शकतं. आणि आता तर त्या पडून आहेत, दुसऱ्याच्या हातावर, आपण ओझं झालोय हे त्यांना कळतंय आणि बोलता येत नाही. एखाद्या दुपारी, काम करता करता नाही, नुसतं शेजारी बसून त्यांना म्हणा की तुम्ही लई केलंत, मला ठाऊक आहे, आणि मी सकाळी तासभर जाते ते तुम्हाला टाकून नाही जात. उत्तर आलं नाही तरी चालेल.

सेंटरमध्ये तुम्हाला काय मिळालं ते पण बघू, कारण नुसतं सोडा म्हणणं सोपं आहे. तुम्ही लिहिलंय की पहिला किलो उतरला तेव्हा सगळ्यांनी तुमचं नाव घेऊन टाळ्या वाजवल्या आणि तुमच्या डोळ्यात पाणी आलं, कारण किती दिवसात तुमचं नाव कुणी घेतलं नव्हतं, घरात आई, वहिनी, आणि शाळेत मॅडम. ताई, हे वाचून मी थोडा वेळ थांबले. तुम्हाला बरं वाटतंय ते पावडरीने कमी आणि ह्याने जास्त, एक तास घराबाहेर, चार बायकांत, कुणाचं काही न करता, स्वतःच्या नावाने. ही गरज अगदी खरी आहे आणि तिची लाज वाटून घेऊ नका.

आणि म्हणूनच आयडी नको. आज ज्या बायका तुमच्यासाठी टाळ्या वाजवतायत त्या उद्या तुमच्या डाऊनलाईनला, म्हणजे तुमच्या हाताखाली जोडलेल्या साखळीत हव्यात. भिशीतल्या, भजनी मंडळातल्या, शाळेतल्या, नणंद, जाऊ, प्रत्येकीकडे बघताना ही जॉईन होईल का हे मनात येणार. तुमचं बॉडी एज बघून तुम्ही घाबरलात तसंच दुसरीला घाबरवायला लागेल, कारण विक्री त्याच्यावरच उभी आहे. पंचवीस हजारांचा माल कपाटात, त्याची एक्सपायरी जवळ येतेय, आणि दहा बायका मिळेनात म्हणून आपणच प्यायचा, असं झालेल्या घरातून मला पत्रं येतात. तुमच्या हाताला आधीच रिकामा वेळ नाही, त्यात ही दुसरी नोकरी, आणि ती पण विश्रांतीच्या नावाखाली.

कायद्याचं पण माहीत असू दे. डायरेक्ट सेलिंगसाठी २०२१ चे ग्राहक संरक्षण कायद्याखालचे नियम आहेत. पिरॅमिड स्कीम, म्हणजे नुसती माणसं जोडून पैसे मिळवायची साखळी, चालवायला बंदी आहे. जोडून घेण्यासाठी एंट्री फी मागता येत नाही. घेतलं आणि पटलं नाही तर ठराविक मुदतीत बाहेर पडून, माल परत देऊन पैसे मागता येतात. म्हणून आधीच कुणी ॲडव्हान्स भरला असेल तर पावती शोधा, फोनवर बोलू नका, लेखी किंवा व्हॉट्सॲपवर मागणी करा, आणि टाळाटाळ झाली तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनला फोन लावा. डायबिटीस बरा करतो, थायरॉईडची गोळी बंद करा असं कुणी सांगत असेल तर तिथून सरळ उठून या, औषधाची गोळी कोचच्या सांगण्यावरून कधीच बंद करायची नाही.

मग आता घराचं. ह्यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण खरं काम इथंच आहे.

२०२४ च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांचा दिवसातला सरासरी वेळ २८९ मिनिटं निघाला, आणि घरकाम करणाऱ्या पुरुषांचा ८८. आणि ही झाली नुसती घरातली कामं, माणसांची देखभाल त्यात वेगळी मोजलीय. तुमचे मिस्टर वाईट आहेत असं मला पत्रावरून वाटत नाही, मागाचा धंदा सध्या किती ओढून चाललाय ते वडगाव शहापूरच्या सगळ्यांना ठाऊक आहे, त्यांच्या पण डोक्याला ताप आहे. पण "पावडरीत पैसे घालतेस" म्हणणाऱ्या माणसाला त्याच्या आईचं काम महिन्याला किती रुपयांचं आहे हे एकदा कळायला हवं. भांडून नको. एका रविवारी, जेवणं झाल्यावर, एका कागदावर आईंचं दिवसभराचं काम वेळेसकट लिहा, सहा वाजता डायपर, साडेसहाला चहा आणि औषध, कूस बदलणं किती वेळा, सगळं. शेजारी कोण करतं ते लिहा. आणि कागद पुढे ठेवून एवढंच म्हणा की ह्यातलं तुम्ही कुठलं घेणार? मदत करा म्हणू नका, मदत म्हटलं की काम तुमचंच राहतं. सकाळचा डायपर आणि पुसून काढणं हे मुलाने करायला काही हरकत नाही, आई आहे त्यांची. सुरुवातीला सासूबाईंना पण लाज वाटेल, मुलाच्या हातून नको म्हणतील, तेव्हा तुम्ही लगेच पुढे होऊ नका, थोडे दिवस जाऊ द्या. कपडे बदलणं हवं तर तुमच्याकडे राहू दे, त्याऐवजी भरवणं, व्यायाम करवून घेणं, रात्री एकदा कूस बदलणं त्यांनी घ्यावं.

सासूबाईंच्या खात्यात कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याला २,००० रुपये येतात असं तुम्ही लिहिलंय आणि ते सध्या किराण्यात जातात. ते त्यांचे पैसे आहेत, त्यांच्यासाठीच वापरा. त्यात तुमच्या शेकचे सहा हजार घाला, पुण्याच्या दीरांकडून दरमहा ठराविक रक्कम मागा, जत्रेला आणतात ती साडी नव्हे, महिन्याच्या पाच तारखेला खात्यात येणारी रक्कम, आणि ह्यातून सकाळी दोन तासांसाठी एखादी बाई मिळते का बघा, पेशंटचं काम केलेली. हा फोन दीरांना तुम्ही करू नका, त्यांच्या भावाने करावा. आणि वर्षातून पंधरा दिवस आईंना त्यांनी पुण्याला न्यावं, नाहीतर सुट्टी काढून इथं येऊन राहावं आणि तुम्ही माहेरी नंदगडला जावं, कर्नाटकातल्या साध्या बसला तुम्हाला तिकीट पण लागत नाही. नाही म्हणतील, पहिल्यांदा नाहीच म्हणतील. तरी मागायचं, कारण आत्तापर्यंत ते कुणी मागितलेलंच नाही.

मुलगी पीयूसीला आहे, तिच्यावर हे सगळं सरकवू नका. सातवीतला मुलगा मात्र आजीला संध्याकाळचा चहा देऊ शकतो आणि स्वतःचा डबा धुवू शकतो.

फिजिओथेरपीवाल्यांना एकदा घरी बोलवून पेशंटला उठवायची पद्धत शिकून घ्या, तुम्ही आणि मिस्टर दोघांनी, तुमची कंबर त्यानेच जातेय असं मला वाटतं.

आणि मन फारच खाली जायला लागलं, रडू येतं आणि थांबत नाही, कशात रस वाटत नाही, नको नको ते विचार येतात, तर १४४१६ ला फोन करा. टेली-मानस म्हणून सरकारी सेवा आहे, २०२२ पासून चालू आहे, फुकट आहे, रात्रीअपरात्री पण लागते, आणि भाषा निवडता येते त्यात मराठी आहे. आपल्याकडच्या बऱ्याच बायका सरकारी नंबर म्हणजे कन्नडमध्येच बोलावं लागेल म्हणून फोनच करत नाहीत, म्हणून मुद्दाम लिहिलं. प्रत्यक्ष दाखवायचं झालं तर धारवाडचं डिमहान्स, मानसिक आजारांचं सरकारी रुग्णालय, फार लांब नाही. आजारी माणसाचं वर्षानुवर्षं करणाऱ्यांना डिप्रेशन येतं, ते दुबळेपणाने येत नाही.

सकाळचा तास सोडू नका. हे मी ठळक सांगते, नवरा काही म्हणो, तो तास तुमचा. फक्त तो शेकला बांधलेला नको. व्हॅक्सिन डेपोची झाडी आहे, किल्ला तलावाचा रस्ता आहे, तेवढं लांब जायचं नसेल तर शाळेचं ग्राउंड आहे, हेडमास्तरांना विचारलं तर सकाळी गेट उघडून देतील. सेंटरमधल्या दोघीतिघी तुमच्यासारख्याच पैशाने मेटाकुटीला आलेल्या असणार, त्यांना हळूच विचारून बघा. नाष्ट्याला नाचणीची आंबील, मोड आलेले मूग, शेंगदाणे, अंडं खात असाल तर अंडं, त्यात प्रोटीन चांगलं मिळतं आणि ते कोणत्याही दुकानात मिळतं. हिमोग्लोबिन कमी निघालं तर मात्र खाण्यावर भागवू नका, डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या पूर्ण घ्या आणि त्या चहाबरोबर नको.

राहिली कोच. ती तुमची मैत्रीण आहे, वाईट बाई नाही, तिने पण कुठूनतरी पैसे भरलेत आणि तिच्यावर पण महिन्याचं टार्गेट आहे, त्यामुळं तिच्याशी तोडून बोलू नका पण गोल गोल पण बोलू नका, बघते सांगते म्हटलं की ती आठ दिवसांनी परत येणार. सरळ म्हणा, मला आयडी घ्यायची नाही आणि पुढच्या महिन्यापासून शेक पण बंद करतेय, पण तू मला त्या पहिल्या दिवशी घरातून बाहेर काढलंस ते मी विसरणार नाही, उद्या साडेपाचला फिरायला येतेस का? आली तर बरंच आहे. नाही आली तरी तुम्ही जा.